दाराजवळचा कप्पा

"मामी, लवकर या. उंदीर मेलेत."

फोनवर काकांचा आवाज एवढा बारीक झालेला मामींनी कधी ऐकला नव्हता.

"किती?"

"बरेच. मोजवत नाही मला."

"कशाला हात लावू नका. निघालेच मी."

मामी म्हणजे संशोधन संस्थेच्या पशुवैद्य. सगळं प्राणिगृह त्यांच्या ताब्यात. कुणीतरी कधीतरी त्यांना गमतीनं उंदीरमामी म्हणालं. पुढे त्यातला उंदीर गळून पडला आणि मामी उरल्या. संचालकसुद्धा त्यांना मामीच म्हणत. काका म्हणजे प्राणिगृहाचे सेवक, पिंजरे साफ करणारे. सोमवार ते शनिवार कामाला, रविवारी सुट्टी.

मामी पोचल्या तेव्हा काका दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते.

आत पारदर्शक कप्प्यांची मांडणी छतापर्यंत गेलेली. प्रत्येक कप्प्यात एक उंदीर, खाली लाकडाचा भुसा, कप्प्यावर नंबराचं कार्ड. बाहेरून उलटी टांगलेली पाण्याची बाटली असायची, पण आज एकही बाटली जागेवर नव्हती.

"बाटल्या कुठे आहेत?"

"धुवायला टाकल्या. सोमवारी आल्या आल्या आधी तेच करतो ना मी. बाटल्या काढल्या, मशीनमध्ये घातल्या आणि मग मोठा दिवा लावला." काकांनी डोळे पुसले. "तेव्हा दिसलं."

मामींनी एकेक कप्पा ओढून पाहिला. काही उंदीर नेहमीसारखे मिशा हलवत वर आले. बाकीचे कुशीवर पडून ताठ झाले होते, पाय आवळलेले, कानांच्या पाळ्या पिवळट पडलेल्या.

कान पिवळे म्हणजे यकृत.

आणि या उंदरांना दिलेलं लोखंडेबाईंचं औषध जाऊन बसायचं ते नेमकं यकृतातच.

*

लोखंडेबाईंचं आडनाव लोखंडे नव्हतं. त्या लोखंडाचे कण बनवायच्या, इतके बारीक की केसाच्या जाडीवर हजारांनी मावतील. त्यावर साखरेच्या जातीचा पातळ थर. हे कण शिरेतून दिले की रक्तातून यकृतात जमतात. मग चुंबकीय यंत्रात फोटो काढला की निरोगी यकृत काळं दिसतं, आणि गाठ असेल तर तेवढीच पांढरी राहते. गाठ वाटाण्याएवढी असतानाच सापडते. हल्लीचं इंजेक्शन ज्यांना मूत्रपिंडाच्या आजारामुळे चालत नाही, त्यांनासुद्धा हे चालेल अशी आशा होती.

उंदरांवरची सुरक्षिततेची चाचणी ही शेवटची पायरी. ती पार पडली की माणसांवर चाचणी. गुरुवारी समिती बसणार होती.

आणि समितीपुढे दोन औषधं होती. दुसरं लोखंडेबाईंच्या नणंदेचं.

नणंद त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. ती चमकणारे रंग बनवायची. गाठीला चिकटले की दिव्याखाली उजळणारे. तिला सगळे रंगताई म्हणत. या दोघींच्या मधे एक माणूस होता, एकीचा नवरा आणि दुसरीचा धाकटा भाऊ. चुंबकीय यंत्राचा विभाग त्याच्याकडे. पूर्वी त्याला सर म्हणत. लोखंडेबाईंचं नाव व्हायला लागलं तसं 'लोखंडेबाईंचे मिस्टर' झालं, आणि आता नुसतं मिस्टर. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. तोही हसून 'ओ' द्यायचा.

*

"बंद पाकीट उघडा," संचालक म्हणाले.

चाचणी आंधळी होती. निम्म्या उंदरांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन, आणि कोणाला काय दिलं ते फक्त मामींना ठाऊक. औषध कोऱ्या चहासारखं तपकिरी, कुणालाही बघताक्षणी कळेल. म्हणून मामींनी बुधवारी दार लावून स्वतः इंजेक्शनं दिली होती. प्रत्येक उंदराच्या कानावर खूण होती आणि पाकिटात त्या खुणा लिहिल्या होत्या.

मामींनी मेलेल्या उंदरांचे कान बघितले, जिवंत उंदरांचेही बघितले, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून सगळे बघितले.

"औषधवाले सगळे गेले," त्या म्हणाल्या, "एक सोडून. आणि सलाईनवाले सगळे जगले, तेही एक सोडून."

संचालकांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे दोघांची अदलाबदल झाली. मामी, तुमच्याकडून?"

"नाही."

"अहो, माणूस आहे. होतं."

"जागेची अदलाबदल केली होती मी. शुक्रवारी. दाराजवळच्या कप्प्यात एक भित्रा उंदीर होता. दार वाजलं की दचकायचा, खाणं सोडलं होतं त्यानं. त्याला आतल्या शांत कप्प्यात हलवलं आणि तिथला दांडगट दाराजवळ आणला. काका होते बरोबर. पण कानावरच्या खुणा कानावरच राहतात, साहेब. भित्र्याला औषध दिलं होतं, तो जिवंत आहे. दांडगटाला सलाईन दिलं होतं, तो मेला."

"समितीला मी हे सांगू? की औषध न घेता एक मेला?" संचालक खुर्चीत मागे टेकले. "समिती म्हणेल, औषध विषारी आहे आणि पशुवैद्य वेंधळी आहे. दोन्ही एका दमात."

मामींचे कान तापले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या शोधांसाठी त्यांनी प्राणी सांभाळले होते. हारतुरे वरच्या मजल्यांवर जायचे. त्याचं वाईट कधी वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण वेंधळी? हा शब्द त्यांना आजवर कुणी लावला नव्हता.

"मला बुधवार संध्याकाळपर्यंत द्या," त्या म्हणाल्या.

*

त्यांनी आधी दांडगटाचं यकृत उघडलं. मग एका औषधवाल्याचं. दोन्ही सारखीच जळल्यासारखी, ठिसूळ, डागाळलेली.

दोन्हींचे पातळ काप काचेवर घेऊन त्यावर लोखंड ओळखणारा रंग टाकला. लोखंडाचे कण असतील तिथे हा रंग निळा उठतो.

औषधवाल्याचा काप निळ्या ठिपक्यांनी भरून गेला. दांडगटाच्या कापात निळ्याचा मागमूस नव्हता.

मामींनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. वेंधळी नव्हे. दांडगटाला औषध दिलंच नव्हतं, तरी तो तशाच मरणानं मेला होता.

मग त्यांनी भित्र्या उंदराचं रक्त काढून तपासलं. यकृत ठणठणीत. अंगात औषध, आणि गडी भुशात घर करून बसलेला.

मारणारी गोष्ट औषध नव्हती. मग कोणती?

*

"तुमच्यावर वेळ आली म्हणून वाईट वाटतं मामी, पण मी रडणार नाहीये," रंगताई म्हणाली. तिच्या टेबलावर रंगाच्या छोट्या कुप्या अंधाऱ्या डब्यात ओळीनं लावलेल्या होत्या. "भावजयीचं औषध बाद झालं तर माझं पुढे जातं. साधी गोष्ट आहे."

"जळता तुम्ही तिच्यावर?"

"जळते. का नाही जळणार? मी तिच्या आधी दहा वर्षं इथे आहे. ती आली, लग्न करून आमच्या घरात शिरली, आणि आता आईसुद्धा जेवताना तिच्या कणांबद्दल विचारते. माझ्या रंगांबद्दल विचारलंय आजवर कुणी?" ती थांबली. "पण उंदीर नाही मारले मी."

"रविवारी आला होतात तुम्ही. फाटकावरचा रखवालदार म्हणाला."

"आले होते."

"प्राणिगृहात?"

रंगताईनं एक कुपी उचलून पुन्हा ठेवली. "हो."

"कशाला?"

"बघायला. तिचे उंदीर मलूल दिसतात का ते." ती तोंड फिरवून म्हणाली, "दिसत नव्हते. चांगले उड्या मारत होते."

"आत आणखी कोण होतं?"

"कुणी नाही."

हे उत्तर फार लवकर आलं होतं.

"यकृत बिघडवणारं रसायन आहे ना तुमच्याकडे? आजारी यकृतं तयार करायला वापरता ते?"

"आहे. मिस्टरांच्या विभागातही आहे. आजारी यकृताशिवाय आम्ही गाठी शोधायचा सराव करणार कशावर?"

*

मिस्टरांची खोली यंत्राला लागून होती. काचेपलीकडे यंत्राचं पांढरं तोंड. खोलीत चुंबकाची एकसुरी धडधड चालू.

"या मामी. बसा. चहा?"

"नको. बुधवारी इंजेक्शनांनंतर उंदरांचे यंत्रात फोटो काढलेत ना, ती चित्रं कुणी पाहिली?"

"मी. फक्त मी."

"तुमच्या बायकोनं?"

"छे. आंधळी चाचणी आहे. तिनं मागितली होती, मी दिली नाहीत." ते किंचित हसले. "ताईनंही विचारलं होतं, तिलाही नाही. चित्रं माझ्या पासवर्डाखाली कुलूपबंद आहेत. याबाबतीत माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही."

"चित्रावर उंदराचं नाव काय टाकता?"

"कप्प्याचा नंबर. तुमचे काका उंदराबरोबर कप्प्यावरचं कार्ड आणून देतात, तोच नंबर टाकतो. कान तपासत बसायला वेळ कुणाला आहे?"

"आणि रविवारी तुम्हीही आला होतात."

"यंत्रात थंड वायू भरायचा होता. बायकोही आली होती, तिचं काहीतरी लिहायचं राहिलं होतं. ती खाली, मी इथे." त्यांनी आवाज उतरवला. "मामी, माझी बहीण आहे, म्हणून बोलणं जिवावर येतं. पण ताई रविवारी प्राणिगृहाकडे जाताना मला दिसली. मी कुणाला बोललो नाही. तुम्हीही माझं नाव घेऊ नका."

मामींनी मान हलवली. दारापर्यंत जाऊन वळल्या. "शनिवारी, शुक्रवारी खाली आला होतात का?"

"नाही. परगावी होतो. एका परिषदेला." ते पुन्हा हसले. "म्हणजे बायको होती परिषदेला. तिचं भाषण. मी टाळ्या वाजवायला."

*

लोखंडेबाई प्रयोगशाळेत स्टुलावर बसल्या होत्या. समोर चहासारख्या तपकिरी द्रवाची बाटली. एका हातात छोटं चुंबक. ते काचेला लावलं की सगळा तपकिरीपणा हळूहळू त्या बाजूला सरकायचा.

"ताई मला पहिल्यापासून पाण्यात पाहतात," त्या म्हणाल्या. "पण त्या असं करतील असं वाटत नाही. आणि कण... माझे कण असं करणार नाहीत, हे तर त्याहून वाटत नाही. पण मामी, प्रत्येक आईला तसंच वाटतं ना?"

"ही बाटली तीच? ज्यातून इंजेक्शनं दिली?"

"तीच. उरलेली."

"रविवारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. भाषणाचा अहवाल लिहीत होते. वर गेलेच नाही."

"घरी कसं चाललंय?"

त्या चमकल्या. "चांगलं. म्हणजे... मी फार बोलते कामाबद्दल. तो ऐकतो. फार समजूतदार आहे तो. चित्रं वाचायला त्यानंच तर शिकवलं मला. आधी रोज संध्याकाळी त्याच्याकडे घेऊन जायचे, हे काय, ते काय." त्यांनी चुंबक बाजूला ठेवलं. "आता कळतात माझी मला."

मामी जिना चढून प्राणिगृहात आल्या. काका धुतलेल्या बाटल्या पुन्हा टांगत होते. दाराजवळचा कप्पा रिकामा होता, तरी काकांनी सवयीनं तिथेही बाटली लावली.

मामी त्या बाटलीकडे बघत उभ्या राहिल्या.

"काका, शुक्रवारी आपण उंदीर हलवले. बाटल्या हलवल्या होत्या का?"

"बाटल्या कशाला? बाटली कप्प्याची. उंदीर तेवढा इकडचा तिकडे."

"कप्प्यांवरची कार्डं?"

"तीपण कप्प्याचीच की."

मामींना खाली बसावंसं वाटलं. तिथे खुर्ची नव्हती, म्हणून त्या भुशाच्या पोत्यावर बसल्या.

*

बुधवारी संध्याकाळी उन्हं संचालकांच्या खोलीत तिरकी आली होती. पाचही जण टेबलाभोवती. लोखंडेबाईंच्या शेजारी मिस्टर, समोर रंगताई, टेबलाच्या टोकाला संचालक. मामी उभ्याच राहिल्या.

"लांबण लावत नाही," त्या म्हणाल्या. "औषधानं उंदीर मेले नाहीत. दांडगट उंदराच्या यकृतात लोखंडाचा एक कण नाही, तरी ते तसंच जळलंय. आणि ज्याच्या अंगात औषध आहे तो भित्रा मजेत आहे. बाटलीतल्या औषधात कुणी काही मिसळलं असतं तर भित्राही मेला असता. मिसळलेलं नाही."

संचालक पुढे सरकले. "म्हणजे वेगळं विष."

"वेगळं. आणि उंदीर निवडून दिलेलं. औषधवाले तेवढे. सगळ्यांनी म्हणावं, बघा, औषधच वाईट. पण निवडणाऱ्याची एक चूक झाली. दोन उंदीर चुकीचे निघाले, आणि ते नेमके तेच दोन, ज्यांच्या जागा मी शुक्रवारी बदलल्या होत्या. भित्रा बुधवारी दाराजवळच्या कप्प्यात होता. शुक्रवारनंतर तिथे दांडगट आला. विष दाराजवळच्या कप्प्यातच पोचलं. जो तिथे होता तो मेला."

संचालकांनी समोरच्या कागदावर दोन चौकोन काढून त्यांच्यात बाण काढले.

"विष उंदराच्या नव्हे, कप्प्याच्या मागे गेलं. आता कप्प्याचं असं काय असतं, जे उंदराबरोबर जात नाही? खाणं सगळ्यांना एकाच पोत्यातलं. हवा एकच. राहिली पाण्याची बाटली. रविवारी काकांना सुट्टी. सोमवारी काका बाटल्या धुऊन टाकणार हे इथे सगळ्यांना माहीत. पुरावा आपसूक वाहून जाणार."

"रविवारी ताई प्राणिगृहात होती," मिस्टर हलकेच म्हणाले. "मला बोलायचं नव्हतं, पण—"

रंगताईनं भावाकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"होत्या त्या," मामी म्हणाल्या. "पण त्यांना कोणते उंदीर निवडायचे ते कसं कळणार? माझं पाकीट कुणी चोरून वाचलं असतं तर त्यात कानाच्या खुणा आहेत, कप्प्यांचे नंबर नाहीत. वाचणाऱ्यानं कान बघितले असते आणि बरोबर उंदीर गाठले असते. मारणाऱ्यानं कान बघितलेच नाहीत. त्याच्याकडे नुसते नंबर होते. बुधवारचे नंबर."

"बुधवारी कोणत्या कप्प्यात औषधवाला होता, हे मला माहीत होतं," त्या पुढे म्हणाल्या. "पण शुक्रवारी जागा मीच बदलल्या, मी चुकले नसते. काकांनाही बदल माहीत होता. मग उरतं कोण? लोखंडेबाईंचं औषध यकृत काळं करतं. फोटोत काळं दिसलं की औषधवाला, पांढरं दिसलं की सलाईनवाला. ज्यानं चित्रं पाहिली, त्याच्यापुरती चाचणी आंधळी राहिलीच नव्हती. चित्रांवर कप्प्याचे नंबर होते. आणि चित्रं पाहणारा माणूस जगात एकच आहे, असं त्यानंच मला अभिमानानं सांगितलं. शुक्रवारी तो परगावी होता, म्हणून त्याला बदल कळला नाही."

लोखंडेबाईंनी नवऱ्याच्या दंडावर ठेवलेला हात उचलला. झटकून नाही. तापलेल्या भांड्यावर चुकून पडलेला हात उचलतात तसा.

"हा अंदाज आहे," मिस्टर म्हणाले. आवाज कोरडा होता. "मामींना स्वतःची चूक झाकायची आहे."

"बाळ, पुरे," रंगताई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी पाहिलं याला. रविवारी. बाटल्या लावत होता. मला वाटलं, काका नाहीत म्हणून बायकोच्या उंदरांना पाणी देतोय." ती मामींकडे वळली. "मला स्वतःची लाज वाटली हो. मी तिच्या उंदरांचं वाईट बघायला आलेली, आणि हा त्यांना पाणी पाजत होता. तशीच मागे फिरले. सोमवारी कळलं, काय पाजत होता ते."

"मग बोलला का नाहीत?" संचालक ओरडले.

"भाऊ आहे माझा. लहानपणापासून याच्या वाटचा मार मी खाल्लाय. हाही खाल्ला असता." तिनं मिस्टरांकडे पाहिलं. "पण तू तर स्वतःच मला पुढे ढकललंस, बाळ. माझं नाव तुझ्या तोंडून यायला नको होतं."

मिस्टरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"मिस्टर," ते म्हणाले, जणू तो शब्द कुणी समोरच्या टेबलावर ठेवला होता. "परवा परिषदेत माझ्या छातीवर बिल्ला लावला. त्यावरसुद्धा तिचं नाव. खाली बारीक अक्षरात 'यांचे यजमान'. ती चित्रं मी काढली आहेत. तिच्या भाषणात एकापाठोपाठ एक. मी रात्री जागून काढलेली. लोक टाळ्या वाजवत होते, मीही वाजवत होतो. माझ्याच चित्रांना."

"मला सांगायचं होतंस," लोखंडेबाई म्हणाल्या.

"काय सांगणार? की तू जरा कमी हुशार हो?"

बाहेर कुणाचीतरी ट्रॉली फरशीवरून खडखडत गेली.

"मला औषध कायमचं बुडवायचं नव्हतं," ते भरभर बोलू लागले. "एक वर्ष मागे पडलं असतं, एवढंच. पुन्हा चाचणी, पुन्हा पहिल्यापासून. आपण दोघांनी मिळून चूक शोधली असती. पूर्वीसारखी."

"चूक नव्हतीच," त्या म्हणाल्या. "आणि त्या वर्षात ज्यांच्या गाठी सापडल्या नसत्या, ते?"

मिस्टरांनी मान खाली घातली.

लोखंडेबाईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग विचारलं, "सोमवारी सकाळी मी तुझ्या खोलीत आले. रडले. तू मला जवळ घेतलंस, पाठीवरून हात फिरवलास. त्या वेळी तुला काय वाटत होतं?"

"नको विचारूस."

"विचारतेय."

मिस्टरांनी वर पाहिलं. डोळे भरले होते, पण खोटं बोलण्याचं बळ संपलं होतं.

"बरं वाटत होतं," ते म्हणाले. "किती दिवसांनी तू माझ्याकडे आली होतीस."

लोखंडेबाई उठल्या. संचालकांनी सुरक्षारक्षकाला फोन लावला, समितीच्या अध्यक्षांना लावला, आणखी कुणाकुणाला लावला. रक्षक आला तेव्हा मिस्टर स्वतःच उभे राहिले आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. जाताना ते बहिणीपाशी क्षणभर थांबले. ती खिडकीकडे बघत राहिली.

खोली रिकामी झाली तरी तिघी बायका तिथेच होत्या.

"नवे उंदीर कधी मिळतील, मामी?" लोखंडेबाईंनी विचारलं. आवाज फाटला होता, पण प्रश्न नीट आला.

"आजच सांगते मागवायला. आठवड्याभरात येतील. पण या वेळी कप्प्याचा नव्हे, कानाचा नंबर चित्रावर जाईल. आणि बाटल्यांना कुलूप."

"फोटो कोण काढणार?" रंगताई म्हणाली. "यंत्र चालवणारं इथे दुसरं कोण आहे?"

"तुम्हाला येतं की, ताई."

"मला?" रंगताई जवळजवळ ओरडलीच. "अगं, तुझं औषध पडलं तर माझं पुढे जातं. अजूनही. जरा जरी डाग दिसला ना, तर मी तो झाकणार नाही. वर बोट ठेवून दाखवीन."

"दाखवा," लोखंडेबाई म्हणाल्या. "मला तेच हवंय."

रंगताईनं तिच्याकडे रागानं पाहिलं, मग डोळे पुसले, मग पुन्हा रागानं पाहिलं. शेवटी पर्स उचलली आणि म्हणाली, "चल. आईला सांगायचंय. मी एकटीनं नाही सांगणार."

दोघी जिन्यानं खाली उतरल्या, एकमेकींपासून एक पायरी अंतर ठेवून.